हाप्चन परगणा : कोरिया देशांतील एका ग्रामीण मुलखाच्या कारभाराचा इतिहास

१. प्रस्ताव व साधनें

एखाद्या परगण्याचें नांव बदललें म्हणजे परगणा बदलला काय, हा प्रश्न जुनीं दफ्तरें चाळणाऱ्या प्रत्येकास केव्हां ना केव्हां पडतो. एकाच मुलखास ताम्रपटांत एक नांव, बखरींत दुसरें, फारसी फर्मानांत तिसरें व इंग्रजी गॅझेटियरांत चौथें आढळतें. आणि हे चार मुलूख होते कीं एकच, याचा निर्णय करतांना संशोधकांची तारांबळ उडते. या प्रश्नाचा विचार आपल्याच मुलखापुरता न ठेवतां, जेथें चौदाशें वर्षांच्या कारभाराचा वृत्तान्त लेखी साधनांतून जवळजवळ सलग लागतो अशा एका दूरच्या परगण्याच्या आधारें तो करून पाहावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. तो परगणा म्हणजे कोरियाच्या आग्नेय भागांतील, दक्षिण ग्योंगसांग प्रांतांतील हाप्चन होय.

हाप्चनचें क्षेत्रफळ सुमारें ९८३ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी ह्वांग नदी हा त्याचा कणा. ती पूर्व सीमेवर नाक्दोंग या मोठ्या नदीस मिळते. उत्तरेस गाया पर्वत असून त्याचें शिखर १,४३० मीटर उंच आहे. पूर्वेस छोग्ये नांवाचें, चहूंबाजूंनीं डोंगरांनीं वेढलेलें वाटोळें खोरें आहे. तें उल्कापातानें झालें असा निर्णय भूगर्भशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं दिला. म्हणजे आमच्या लोणारचें तें भावंडच म्हणावयाचें. फरक इतकाच कीं, तेथील तळें गाळानें भरून गेलें व त्यावर भातशेती झाली. दक्षिणेस साम्गाचा डोंगराळ मुलूख आहे. नदीकांठचें हाप्चन, वाटोळ्या खोऱ्यांतील छोग्ये आणि दक्षिणेचें साम्गा हे तीन भाग वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सर्व वृत्तान्त म्हणजे या तीन भागांस कधीं एकत्र बांधण्याचा व कधीं वेगळें करण्याचा वृत्तान्त आहे.

साधनांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ‘साम्गुक सागी’ हा किम बुसिक यानें ११४५ सालीं सिद्ध केलेला पन्नास खंडांचा इतिहास. त्यांतील भूगोलविषयक खंडांत प्रत्येक ठाण्याचें मूळ नांव, मध्यंतरीं दिलेलें नांव व ग्रंथकाराच्या काळीं चालू असलेलें नांव अशी त्रयी दिली आहे. त्यानंतर १४५१ ची ‘गोर्योसा’, १४५४ सालीं पूर्ण झालेलें सेजोंग राजाच्या कारकीर्दीचें इतिवृत्त व त्यास जोडलेला भूगोल, आणि १५३० चा ‘सिन्जुंग दोंगुक योजी सुंग्नाम’ हे ग्रंथ पायरीपायरीनें पुढें येतात. मागील ग्रंथकारानें जें लिहिलें तें उद्धृत करून त्याखालीं आपली भर घालावयाची, अशी त्यांची रीत आहे. त्यामुळें एका परगण्याची वंशावळच आपल्यासमोर उभी राहते.

२. दारा आणि देया

हाप्चनच्या इतिहासाचें पहिलें पान जमिनींत पुरलेलें होतें. पूर्वेकडील ओक्जन येथील टेंकडीवर जुन्या थडग्यांची एक रांग आहे. तिचें उत्खनन १९८५ सालीं सुरू झालें. त्यांत सोन्याचीं कर्णभूषणें, मुठीवर नाग व दिव्य पक्षी कोरलेल्या तलवारी, घोड्यांचीं लोखंडी चिलखतें आणि रोमन बनावटीचा कांचेचा एक पेला इतक्या वस्तु निघाल्या. इ. स. ७२० मध्यें पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासांत गाया संघांतील राज्यांमध्यें दारा नांवाचें एक राज्य सांगितलें आहे. ओक्जनचीं थडगीं त्याच दाराच्या राजकुळाचीं होत, असें विद्वान मानतात. जवळच दारा याच नांवाचें खेडें आजहि आहे, हा पुरावाहि दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. गाया राज्यांच्या सात थडगेसमूहांस युनेस्कोनें सप्टेंबर २०२३ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. ओक्जन त्यांपैकीं एक आहे.

गाया संघांतील शेवटचें प्रबळ राज्य सिल्लाच्या जिन्हुंग राजानें इ. स. ५६२ मध्यें जिंकलें. तीनच वर्षांनीं, ५६५ मध्यें, त्यानें येथें देया-जू नांवाचा सुभा स्थापिला. ‘जू’ म्हणजे सुभा. लहानशा राज्याच्या जागीं एकदम सुभ्याचें ठाणें कां झालें, याचें कारण नकाशा पाहतांच कळतें. पश्चिमेस डोंगरांपलीकडे बेक्जे हें शत्रुराज्य होतें, आणि ह्वांग नदीच्या खोऱ्यांतून सिल्लाच्या मुलखांत उतरण्याची वाट होती. या वाटेच्या तोंडावर, नदीकांठच्या टेंकडीवर, देयाचा किल्ला होता. म्हणजे हाप्चनला पहिला मोठा दर्जा मिळाला तो लष्करी निकडीमुळें.

ही निकड खरी होती हें ६४२ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं बेक्जेचा सेनापति युन्चुंग यानें देयाला वेढा घातला. किल्ल्याचा अधिकारी पुम्सोक यानें आपल्याच हाताखालील गोमिल नांवाच्या माणसाची स्त्री पूर्वीं बळकाविली होती. गोमिलनें सूड म्हणून शत्रूशीं संधान बांधून किल्ल्यांतील कोठारें पेटविलीं. पुम्सोक शरण गेला आणि सपत्नीक प्राणास मुकला. चुक्चुक नांवाचा दुय्यम अधिकारी मात्र उरलेल्या लोकांसह लढून पडला. पुम्सोकची स्त्री किम चुन्चू या राजपुरुषाची कन्या होती. ही वार्ता ऐकून तो दिवसभर खांबाला टेकून उभा राहिला, समोरून माणूस गेला तरी त्यास भान नव्हतें, असें इतिहासकार सांगतो. पुढें तो प्रथम उत्तरेच्या कोगुर्योकडे व नंतर चीनच्या तांग दरबारीं मदतीसाठीं गेला, आणि अखेर ६६० सालीं बेक्जे बुडालें. त्या वेळीं गोमिल हातीं लागला व मारला गेला. एका परगण्याच्या अधिकाऱ्याची दुर्वर्तणूक तीन राज्यांच्या इतिहासांत कशी शिरली, याचें हें ठळक उदाहरण आहे. हें सर्व घडत असतां, त्याच ६४२ सालच्या सुमारास, आमच्याकडे पल्लवांनीं चालुक्यांची वातापी घेतली होती, हें कालानुक्रमाच्या सोयीसाठीं ध्यानांत ठेवावें. चुक्चुकच्या स्मरणार्थ १६४४ सालीं उभारलेला शिलालेख हाप्चनमध्यें अजून आहे.

३. नांवांचें संस्करण

बेक्जे बुडालें तशी सीमा उठली; सीमा उठली तशी देयाची निकड संपली. नऊ सुभ्यांच्या नव्या रचनेंत येथें सुभा राहिला नाहीं, गुन राहिला. गुन म्हणजे स्थूलमानानें आमचा परगणा व त्याहून लहान ह्योन म्हणजे तर्फ, असें समजून चालण्यास हरकत नाहीं.

इ. स. ७५७ मध्यें ग्योंगदोक राजानें सर्व देशांतील ठाण्यांचीं नांवें बदललीं. ‘साम्गुक सागी’च्या हिशेबानें ९ सुभे, ११७ गुन व २९३ ह्योन अशी तेव्हांची वांटणी होती. देशी बोलींतील नांवें तोंवर चिनी अक्षरांनीं कशीबशी लिहिलीं जात. अक्षर कधीं अर्थासाठीं, कधीं केवळ ध्वनीसाठीं घेतलेलें असे. राजानें तीं टाकून चिनी वळणाचीं दोन अक्षरी, सुभग नांवें दिलीं. देर्यांग अथवा देया याचें गांग्यांग झालें. छोपाल्ह्येचें पाल्ग्ये झालें, गाजुह्वाचें गासू झालें, जोक्ह्वाचें यारो झालें. गाजुह्वा व जोक्ह्वा यांतील ‘ह्वा’ हें अक्षर चिनींत अग्निवाचक आहे. परंतु येथें आगीचा कांहीं संबंध नाहीं. त्या अक्षराचा कोरियन उच्चार देशी भाषेंतील ‘शेतवाडी, मैदान’ या अर्थाच्या शब्दाशीं जुळतो म्हणून तें योजिलें आहे.

संस्कृतज्ञ वाचकांस हा प्रकार परका वाटणार नाहीं. आमच्याकडेहि लेखकांनीं देशी ग्रामनामांस संस्कृत पोशाख चढविला आहे, आणि तो पोशाख हेंच मूळ शरीर समजून पुष्कळांनीं व्युत्पत्ति रचल्या आहेत. ‘साम्गुक सागी’च्या कर्त्यानें मात्र जुनें नांव शेजारीं नोंदवून ठेविलें, म्हणून कोरियन संशोधकांवर ती आपत्ति फारशी आली नाहीं.

या रचनेंत गांग्यांग गुनाखालीं तीन ह्योन होते : साम्गी, पाल्ग्ये व उइसांग. यांपैकीं पाल्ग्ये म्हणजे पुढचें छोग्ये. गासू ह्योन मात्र दक्षिणेच्या गांगजूकडे, म्हणजे हल्लींच्या जिन्जूकडे, होता. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडेल.

४. गोर्यो काळ : राजमातेचें गांव

गोर्यो राजवंशाच्या काळीं हाप्चनचा दर्जा पुन्हां चढला, आणि या वेळचें कारण लष्करी नव्हतें. ह्योनजोंग राजा (राज्यकाल १००९–१०३१) गादीवर येण्यापूर्वीं देर्यांगवोन-गुन ही पदवी धारण करीत असे. तिच्यांत देर्यांग हें जुनें नांव आहे. त्याची माता याच गांवची म्हणून गणली गेली. ‘गोर्योसा’ स्पष्ट सांगते कीं, या दोन कारणांस्तव त्यानें गांवाचा दर्जा वाढवून त्यास हाप्जू केलें. १०१८ च्या मोठ्या पुनर्रचनेंत ४ तोहो, ८ मोक, ५६ जू व गुन यांचे अधिकारी, २८ ठाणेदार व २० ह्योनचे अधिकारी नेमले गेले. हाप्जू या छप्पन्नांत होतें, आणि त्याच्या ताब्यांत बारा ह्योन देण्यांत आले. साम्गी, गासू, छोग्ये, यारो हे तर त्यांत होतेच. शिवाय आज स्वतंत्र परगणे असलेले गोचांग व हाम्यांग हेहि होते.

येथें एक खुबी आहे. या बारा ह्योनांत आरंभीं राजधानीहून पाठविलेला अधिकारी कोणी नव्हता. दरबारचा एक माणूस हाप्जूस बसे आणि बाराहि ठिकाणचा प्रत्यक्ष कारभार तेथील वंशपरंपरागत स्थानिक अधिकारी पाहत. त्यांस ह्यांग्नी म्हणत. आमचे देशमुख-देशपांडे डोळ्यांसमोर आणले म्हणजे त्यांची कल्पना येईल. ११०६ पासून दरबारनें अशा ह्योनांत गाम्मू नांवाचे लहान अधिकारी पाठविण्यास आरंभ केला, आणि पुढील तीनशें वर्षांत एकेक ह्योन मोठ्या ठाण्याच्या हाताखालून सुटत गेला. छोग्ये असेंच सुटलें आणि गुनच्या दर्जास चढलें.

दर्जाच्या या उतरंडींत सर्वांत खालीं बुगोक असत. बुगोकांतील लोकांवर सामान्य ह्योनांतल्या लोकांहून अधिक निर्बंध व बोजे असत. हाप्जूच्या हद्दींत नोओल नांवाचा एक बुगोक होता. इ. स. १२०० मध्यें जिन्जू येथें बंड झालें, तेव्हां या नोओलचे बंडखोर त्यांत उतरले आणि मोडले गेले. राजमातेचें गांव म्हणून ज्या ठाण्याला मान मिळाला, त्याच ठाण्याच्या हद्दींत हीन दर्जाच्या वस्तीनें शस्त्र उचललें. कारभारविषयक इतिहास केवळ अधिकाऱ्यांच्या पदव्यांवरून लिहूं गेल्यास हें दुसरें चित्र कधींच दिसत नाहीं.

५. चोसन काळ : नांव ठरलें

१३९२ सालीं चोसन राजवंश आला. तिसरा राजा तेजोंग यानें १४१३ मध्यें असा नियम केला कीं, ज्या लहान ठाण्यांच्या नांवांत ‘जू’ हें अक्षर आहे, त्यांचें तें अक्षर काढून ‘चन’ (ओढा, नदी) किंवा ‘सान’ (डोंगर) हें घालावें. जू हा मान मोठ्या ठाण्यांसच शोभावा, हा हेतु. या एका आज्ञेनें इन्जूचें इन्चन झालें, तें आज जगभर बंदर म्हणून ठाऊक आहे. आणि हाप्जूचें हाप्चन झालें. पहिल्या अक्षराचा अर्थ ‘अरुंद’ असा आहे. म्हणजे ‘अरुंद ओढा’ हें नांव कोणा प्रवाशानें ओढा पाहून दिलेलें नाहीं. त्याचा उत्तरार्ध राजधानींतल्या दर्जाच्या नियमांतून आला आहे.

पुढच्याच वर्षीं, १४१४ सालीं, साम्गी व गासू हे दोन ह्योन एक करण्यांत आले. नवें नांव करतांना एकाचें पहिलें व दुसऱ्याचें पहिलें अक्षर घेतलें : साम् आणि गा, मिळून साम्गा. व्याकरणाच्या दृष्टीनें हा निव्वळ द्वंद्व समास आहे. दोन्ही पदांस समान मान. साम्गी पूर्वीं हाप्चनकडे व गासू जिन्जूकडे होता हें वर सांगितलेंच आहे. दोन निरनिराळ्या ठाण्यांखालचे तुकडे असे जोडले गेले, आणि मग पांचशें वर्षें ते एकजीव राहिले. येणेप्रमाणें हाप्चन गुन, छोग्ये गुन व साम्गा ह्योन ही तिहेरी वांटणी स्थिर झाली.

चोसनमध्यें अशीं सुमारें ३३० ठाणीं होतीं व प्रत्येक ठिकाणीं दरबारचा अधिकारी असे. गुनवरील अधिकाऱ्यास गुन्सू म्हणत. त्याची मुदत कायद्यानें १,८०० दिवसांची होती, आणि आपल्याच गांवीं त्यास नेमीत नसत. कचेरीचीं खातीं सहा : नेमणुका, महसूल, विधिसंस्कार, लष्कर, फौजदारी व बांधकाम. राजधानींतील सहा मंत्रालयांची ही प्रतिकृतीच. अधिकारी येई आणि जाई. खात्यांतले ह्यांग्नी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच. गोर्यो काळच्या त्यांच्या सत्तेचा आतां कारकुनी अवशेष उरला होता, आणि या कामाबद्दल त्यांस सरकारी वेतन नव्हतें. वेतन नाहीं आणि कागद हातीं आहे, अशा माणसाच्या हातून काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या दोषावर सर्वांत कठोर बोट ठेवणारा पुरुष याच मुलखांतला निघाला. चो सिक (१५०१–१५७२) हा थोर पंडित साम्गाचा. दरबारनें त्यास वारंवार पदें देऊं केलीं; त्यानें तीं घेतलीं नाहींत. १५५५ सालीं शेजारच्या तान्सोंग ह्योनचा अधिकार दिला, तेव्हां तो नाकारतांना त्यानें राजास असें पत्र लिहिलें कीं दरबारांत खळबळ उडाली. १५६८ सालीं नव्या सोन्जो राजास धाडलेल्या अर्जांत तर त्यानें साफ सांगितलें कीं, राज्य कारकुनांच्या हातीं गेलें आहे व त्यानेंच तें बुडेल. हा माणूस पुस्तकी टीका करीत नव्हता. साम्गाची कचेरी त्याच्या दाराशीं होती.

चोवीस वर्षांनीं जपानी स्वारी आली. १५९२ च्या त्या संकटांत हाप्चनचा चोंग इन्होंग हा चो सिकचा शिष्य स्वयंसेवकांची फौज घेऊन उठला. १५९७ सालीं कोरियाचा प्रसिद्ध आरमारी सेनापति यी सुन्सिन याचा अधिकार काढून घेऊन त्यास साधा शिपाई म्हणून सेनापति क्वन यूल याच्या छावणींत धाडलें. ती छावणी छोग्ये येथें होती. त्या उन्हाळ्यांतील तेथल्या मुक्कामाच्या नोंदी त्याच्या रोजनिशींत आहेत. चो सिकचा हा शिष्य पुढें प्रधानपदास चढला, परंतु १६२३ च्या राज्यक्रांतींत त्यास देहान्त शिक्षा झाली.

६. यारोचें लोखंड व हेइन्साचे फळे

दोन गोष्टींमुळें हें आडवळणाचें ठाणें राजधानीच्या लक्षांत राही. पहिली यारोची खाण. यारो या शब्दाचाच अर्थ ओतकामाची भट्टी. सेजोंगच्या इतिवृत्ताच्या भूगोलांत यारोकडून वर्षास ९,५०० गुन वजनाचें शुद्ध लोखंड खंडणी म्हणून घेत असल्याची नोंद आहे. (हा ‘गुन’ वजनाचा शब्द, परगणावाचक गुन निराळा.)

दुसरी गोष्ट आम्हां संस्कृत शिकलेल्यांस अधिक जिव्हाळ्याची. गाया पर्वतावर इ. स. ८०२ मध्यें स्थापन झालेला हेइन्सा नांवाचा विहार आहे. ‘हेइन’ म्हणजे अवतंसक सूत्रांतील सागरमुद्रा. मोंगल स्वाऱ्यांच्या काळांत गोर्यो दरबारनें समग्र बौद्ध त्रिपिटकाचे लांकडी फळे कोरविले. तें काम १२५१ सालीं पुरें झालें. फळ्यांची परंपरागत संख्या ८१,२५८. ते प्रथम गांगह्वा बेटावर होते. १३९८ सालीं तेथून हलविले आणि हेइन्सास आणले. जपानच्या वकिलांनीं १४२४ च्या सुमारास हे फळेच मागितले. ती मागणी नाकारण्यांत आली. फळे ठेवण्याची इमारत १४८८ पर्यंत पुन्हां बांधून झाली. १८१७ च्या मोठ्या आगींत विहार जळाला, ती इमारत वांचली. १९५१ सालीं युद्धांत विहारावर बाँब टाकण्याचा हुकूम झाला असतां किम योंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्यानें तो पाळला नाहीं. १९९५ सालीं इमारतीस व २००७ सालीं फळ्यांस युनेस्कोची मान्यता मिळाली.

या फळ्यांशीं आमचा संबंध दूरचा नाहीं. विसाव्या शतकांत तोकियो येथें छापलेलें ‘ताइशो’ त्रिपिटक मुख्यतः हेइन्साच्या पाठावर आधारलेलें आहे. तेव्हां मूळ संस्कृत नष्ट झालेल्या ग्रंथाचें चिनी भाषांतर पाहण्यासाठीं जो जो भारतीय पंडित तें उघडतो, तो तो नकळत हाप्चनच्या फळ्यांवरूनच वाचतो. युआन च्वांगचा प्रवासवृत्तान्त या संग्रहांत आहे. म्हणजे पुलकेशीच्या राज्याचें व महाराष्ट्रीय लोकांच्या मानी स्वभावाचें जें वर्णन आम्ही इतक्या वेळां उद्धृत करतों, तें या परगण्यांतील डोंगरावर लांकडांत कोरलेलें आहे.

हे फळे टिकले याचें एक कारण कारभारांत सांपडतें. हाप्चन सुभ्याचें ठाणें राहिलें असतें तर प्रत्येक स्वारी त्याच्या वेशीवर आली असती. ६४२ सालचा अनुभव तोच होता. दर्जा उतरला, राजमार्गाचें महत्त्व गेलें, आणि त्या एकांतानें ग्रंथ राखले.

७. १९१४ : तीन परगण्यांचा एक

१८९५ च्या सुधारणांत गुन व ह्योन हा भेद काढून सर्वांस गुन केलें. त्यामुळें साम्गाहि गुन झाला; तिघेहि जिन्जूच्या प्रभागांत गेले. १८९६ सालीं प्रभाग मोडून तेरा प्रांत केले, तेव्हां ते दक्षिण ग्योंगसांग प्रांतांत आले.

१९१० सालीं जपाननें कोरिया खालसा केला. पुढें, २९ डिसेंबर १९१३ च्या हुकुमानें, १ मार्च १९१४ पासून सर्व देशाची नवी मांडणी झाली व २२० गुन उरले. मोजमाप ठरलेलें होतें : गुनास सुमारें ४० चौरस री, म्हणजे ६०० चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक क्षेत्र, व १०,००० घरें. या मापांत न बसणारे जुने परगणे मोडले. छोग्ये व साम्गाचा बहुतेक भाग हाप्चनमध्यें घातला गेला. साम्गाच्या सिन्जी व यूल्वोन या दोन पोटभागांचें सिन्वोन करून तें गोचांगला जोडलें. नांव करण्याची युक्ति १४१४ चीच, अक्षरें तेवढीं निराळीं. ‘हाप’ या उच्चाराचें दुसरें एक अक्षर ‘एकत्र होणें’ या अर्थाचें आहे. त्यावरून तीन परगणे एक झाले म्हणून हाप्चन, अशी लोकव्युत्पत्ति तेथें सांगतात. हाप्जू हें नांव अकराव्या शतकांतलें आहे हें पाहतां ती टिकत नाहीं. पण १९१४ ची घटना लोकांच्या मनांत किती खोल गेली, याचें ती चांगलें गमक आहे.

कागदावर साम्गा संपला. पांच वर्षांनीं, मार्च १९१९ मध्यें, स्वातंत्र्याच्या घोषणा देत त्या मुलखांतील लोक मोठ्या संख्येनें जमले ते साम्गाच्या जुन्या बाजारांत. जपानी अमदानींत या परगण्यांतून पुष्कळ लोक पोटासाठीं हिरोशिमास गेले होते. ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबानें त्यांतील अनेक मेले व अनेक होरपळून परत आले. त्यामुळें हाप्चनला कोरियाची हिरोशिमा म्हणतात. अशा पीडितांसाठीं तेथें १९९६ सालीं निवासगृह निघालें.

८. स्वातंत्र्यानंतर

१९४९ च्या स्वराज्य कायद्यानें गुनाखालील उप व म्योन, म्हणजे कसबे व गांवगट, यांस निवडलेल्या सभा मिळावयाच्या होत्या. पहिल्या निवडणुका १९५२ सालीं झाल्या. १९६१ च्या लष्करी क्रांतीनंतर त्या सभा गेल्या व स्थानिक स्वराज्याचा पायाभूत घटक म्योनऐवजीं गुन ठरविण्यांत आला. निवडलेली गुनसभा १९९१ सालीं व निवडलेला गुन्सू १९९५ सालीं आला. ६४२ पासून वरून नेमलेला अधिकारी पाहणाऱ्या या परगण्यानें आपला अधिकारी आपण निवडला, तो असा साडेतेराशें वर्षांनीं.

परंतु स्वराज्य येईतों माणसें निघून जाऊं लागलीं होतीं. १९८० च्या दशकांत ह्वांग नदीवर मोठें धरण होऊन वरच्या अंगाचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. १९६० च्या दशकांत परगण्याची वस्ती दीड लाखाहून अधिक होती. आज ती चाळीस हजारांच्या आसपास आहे, व तींत वृद्धांचें प्रमाण मोठें आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें कोरियन सरकारनें लोकसंख्या घटणारे म्हणून ८९ प्रदेश जाहीर केले, त्यांत हाप्चन आहे. सध्यां त्यांत एक उप व सोळा म्योन आहेत.

९. निष्कर्ष

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. देया, गांग्यांग, हाप्जू, हाप्चन हीं एकाच ठाण्याचीं चार नांवें. प्रत्येक बदल राजधानींत झाला. पहिल्याचें कारण सीमा, दुसऱ्याचें भाषेचें संस्करण, तिसऱ्याचें राजमाता, चौथ्याचें मानापमानाचा नियम. सुभ्याचा परगणा झाला, परगण्याच्या हाताखालीं बारा तर्फा आल्या व गेल्या. इतक्या घालमेलींत खोरीं जागचीं हललीं नाहींत. १९१४ मध्यें छोग्ये व साम्गा मोडले, तरी त्या नांवांचे म्योन राहिले. चोसन काळीं प्रत्येक ठाण्यास ह्यांग्ग्यो नांवाची एक सरकारी पाठशाळा असे; हाप्चन, छोग्ये व साम्गा या तिन्ही जुन्या ठाण्यांच्या ह्यांग्ग्यो आजहि उभ्या आहेत. नकाशा नसला तरी त्या मोजून जुने परगणे सांगतां येतात. कोरियन घराणीं आडनांवापूर्वीं मूळस्थान सांगतात : छोग्ये चोंग, छोग्ये ब्योन, हाप्चन यी. ज्या छोग्येस शंभरांहून अधिक वर्षें कचेरी नाहीं, तें सेऊलमधील माणसाच्या कुळनामांत टिकून आहे.

यावरून आमच्या कामासाठीं दोन नियम निघतात. नामांतराची सनद सांपडली तर प्रथम दर्जा बदलला कीं हद्द बदलली हें वेगळें करून पाहावें. दोन्ही एकदम बदलल्याचीं उदाहरणें थोडीं असतात. दुसरा नियम असा कीं, हद्दीचा पुरावा फर्मानांत शोधण्यापूर्वीं बाजार, देवळें, पाठशाळा व कुळनामें यांत शोधावा.

यांत एक काळजीचीहि गोष्ट आहे. आजवरच्या प्रत्येक घालमेलींत खालचीं खोरीं टिकलीं, कारण तेथें नांव उच्चारणारीं माणसें होतीं. घरेंच रिकामीं झालीं तर जुना म्योन कोणाच्या तोंडीं राहणार? हाप्चनच्या डोंगरावर ऐंशीं हजार फळ्यांची निगा घेतली जाते, हें योग्यच आहे. पण गांवच्या नोंदवह्या, घराण्यांच्या वंशावळी, बाजाराचे जमाखर्च यांस तसा विहार नसतो. आमच्याकडील ओस पडत चाललेल्या डोंगरी खेड्यांतूनहि अशीच रुमालें माळ्यावर पडून आहेत. ज्या वाचकांच्या ओळखींत अशीं घराणीं असतील त्यांनीं, कागद जुने नाहींत म्हणून उपेक्षा न करतां, निदान त्यांतील गांवांचीं, वाड्यांचीं व तर्फांचीं नांवें उतरून घ्यावीं. किम बुसिकनें जुनें नांव नव्याशेजारीं लिहून ठेविलें नसतें, तर देया व हाप्चन एकच हें आज कोणास सिद्ध करतां आलें नसतें.